किती टक्क्यांचं पील?

माझ्या मावसबहिणीचं लग्न मे महिन्यात होतं. बारा दिवस आधी ती आणि तिची मैत्रीण एकाच पार्लरमध्ये गेल्या आणि एकाच बाटलीतलं पील दोघींनी करून घेतलं. बाटलीवर लिहिलं होतं ग्लायकॉलिक ॲसिड, ३० टक्के. मैत्रिणीच्या चेहऱ्यावरून चार दिवस बारीक पोपडे निघाले आणि आतून तुकतुकीत कातडी वर आली. बहिणीच्या ओठांच्या कडेला आणि गालांच्या उंचवट्यांवर लाल चट्टे उठले. हळदीच्या दिवसापर्यंत ते तपकिरी झाले होते. फोटोंत ते मेकअपखाली झाकले गेले, पण चेहऱ्यावरून जायला सहा महिने लागले. तेव्हापासून आमच्याकडे कुणी पीलचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती टक्क्यांचं?"

प्रश्न योग्यच आहे, पण त्याच्या उत्तरातून फार थोडं कळतं. तीस टक्के दोघींनाही लागलं होतं. फरक कुठे पडला हे समजून घ्यायचं तर आधी पील म्हणजे काय होतं ते पाहायला हवं.

चेहऱ्याच्या कातडीचा वरचा भाग म्हणजे बाह्यत्वचा. तिची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, वहीच्या एका पानाएवढी. तिच्या तळाच्या ओळीत नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी झडून जातात. या प्रवासाला चारेक आठवडे लागतात. कातडीला रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या पेशीही याच तळाच्या ओळीत बसलेल्या असतात. त्याखाली अंतस्त्वचा. तिथे कोलॅजनचे धागे, रक्तवाहिन्या, केसांची मुळं आणि तेलाच्या ग्रंथी असतात.

पील ही मोजूनमापून केलेली जखम आहे. रसायनानं कातडीचा ठरावीक जाडीचा भाग सैल करायचा किंवा मारायचा आणि शरीराला तो नव्यानं भरून काढायला लावायचा. दिसतो तो गुण या भरून येण्याचा असतो. जखम बाह्यत्वचेतच थांबली तर वरवरचं पील, अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत गेली तर मध्यम आणि तिच्या मध्यापर्यंत पोचली तर खोल. म्हणजे सगळा प्रश्न खोलीचा आहे आणि अख्खी बाह्यत्वचा एका कागदाएवढी. चूक व्हायला फार जागाच नाही.

आता ती बाटली. ग्लायकॉलिक ॲसिड पाण्यात दोन रूपांत असतं, एक मोकळं आम्ल आणि दुसरं त्याचं क्षाररूप. कातडीच्या वरच्या स्निग्ध थरातून आत शिरतं ते मोकळं आम्ल. क्षाररूपावर विद्युतभार असल्यामुळे ते बाहेरच अडकतं. कोणतं रूप किती, हे द्रावणाच्या पीएचवर ठरतं. ग्लायकॉलिकच्या बाबतीत ३.८३ या पीएचला दोन्ही रूपं निम्मी निम्मी असतात. पीएच एकानं उतरून २.८३ झाला की जवळजवळ ९१ टक्के आम्ल मोकळं होतं. एकानं चढून ४.८३ झाला की मोकळं आम्ल जेमतेम ९ टक्के उरतं. आता हिशेब करा. ३० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच २.८३ असेल तर काम करणारं आम्ल सुमारे २७ टक्के. ६० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच ४.८३ असेल तर साडेपाच टक्के. मोठा आकडा लिहिलेली बाटली इथे पाचपट सौम्य निघाली. अमेरिकेत प्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळानं १९९८ मध्ये अशा आम्लांसाठी मर्यादा सांगितल्या, तेव्हा टक्केवारीला पीएचची जोड देऊनच सांगितल्या: घरगुती वापराला १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ पेक्षा कमी नको, पार्लरमधल्या प्रशिक्षित हातांना ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३ पेक्षा कमी नको. दवाखान्यात वापरतात त्या ७० टक्क्यांच्या निव्वळ द्रावणाचा पीएच १ च्याही खाली असतो. त्यामुळे टक्के विचारलेत की लगेच पीएच विचारा. समोरच्या व्यक्तीला तो माहीत नसेल, तर तिथूनच परत फिरणं बरं.

ग्लायकॉलिक उसात सापडतं, म्हणून ते 'उसाचं पील' या नावानं खपवलं जातं. बाटलीतलं आम्ल बहुधा कारखान्यात रासायनिक पद्धतीनं बनवलेलं असतं आणि त्यात वाईट काही नाही. दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं, कडू बदामावरून मँडेलिकचं नाव पडलं. पण ताटातल्या दह्यात लॅक्टिक ॲसिड जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतं. दही-बेसन लावल्यानं चेहरा मऊ वाटतो तो वाटू द्या, त्याला पील म्हणायचं कारण नाही. लिंबाचं तसं नाही. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि रस किंवा साल लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर लिंबातल्या काही द्रव्यांमुळे ती भाजून काळी पडू शकते. चेहऱ्यावर लिंबू चोळायचा सल्ला कुणी कितीही प्रेमानं दिला तरी ऐकू नये.

आम्लांचे स्वभावही वेगवेगळे. ग्लायकॉलिकचा रेणू या गटात सर्वांत लहान, रेणूभार ७६. लॅक्टिकचा ९०, मँडेलिकचा १५२. लहान रेणू भरभर आणि थोडा बेभरवशानं आत घुसतो, मोठा सावकाश आणि सारखा जातो. म्हणून सावळ्या किंवा नाजूक त्वचेला मँडेलिक किंवा लॅक्टिकपासून सुरुवात करणारे डॉक्टर बरेच आहेत. हे सगळे रेणू मृत पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे टाके सैल करतात. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: या आम्लांचा त्वचेवरचा गुण १९७४ मध्ये अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू यांनी प्रसिद्ध केला, तो माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या इक्थिऑसिस या आजाराच्या रुग्णांवर काम करताना. सौंदर्याचा बाजार त्यावर नंतर उभा राहिला.

सॅलिसिलिक ॲसिडची गोष्ट निराळी. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातल्या विलो झाडावरून त्याचं नाव आलं. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलानं तुंबलेल्या रंध्रांत शिरतं. मुरुमांसाठी ते आवडतं असण्याचं कारण हेच. २० ते ३० टक्क्यांचं अल्कोहोलमधलं द्रावण लावलं की काही मिनिटं चांगलंच चुरचुरतं, मग चुरचुर आपोआप ओसरते आणि चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. अल्कोहोल उडून गेल्यावर मागे राहिलेले ते स्फटिक असतात. त्यानंतर आम्ल फारसं आत जात नाही, म्हणून हे पील स्वतःला आवर घालणारं मानतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांना आणि गरोदर बाईला मात्र ते करू नये.

ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, दवाखान्याच्या भाषेत टीसीए, लावल्यावरही चेहरा पांढरा होतो, पण ती भुकटी नसते. उकडताना अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग पांढरा होतो, तशी इथे कातडीतली प्रथिनं गोठलेली असतात. हा पांढरेपणा पुसून जात नाही आणि डॉक्टर खोलीचा अंदाज त्यावरूनच घेतात. लाल कातडीवर तुरळक पांढरे ठिपके, म्हणजे अजून वरवर. सलग पांढरा पडदा आणि मागून डोकावणारा गुलाबी रंग, म्हणजे आणखी खाली. गुलाबी छटा जाऊन चिनी मातीच्या बशीसारखं घट्ट पांढरं झालं, म्हणजे अंतस्त्वचेत शिरलं. ग्लायकॉलिकला खाण्याच्या सोड्याच्या द्रावणानं थांबवता येतं, टीसीएला नाही. त्याला कातडीतली प्रथिनंच थोपवतात, आणि पांढरं दिसेपर्यंत काम झालेलं असतं. प्रत्येक पुढचा हात आणखी खोल नेतो. म्हणून एक हात देऊन काही मिनिटं थांबून पाहणारा डॉक्टर हवा. भराभर तीन हात मारणारा नको.

टीसीएच्या टक्क्यांतही एक मेख आहे. ३० ग्रॅम स्फटिक घेऊन पाण्यानं एकूण १०० मिलिलिटर भरले तर ते ३० टक्क्यांचं द्रावण. तेच ३० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात टाकले तर एकूण द्रावण १०० च्या वर जातं आणि ताकद उतरते. लेबलवर दोन्हीकडे ३०. त्यातून बाटलीचं झाकण नीट लागलेलं नसेल तर अल्कोहोलमधल्या पीलचं अल्कोहोल उडतं आणि उरलेलं द्रावण कडक होत जातं. बाटलीच्या तोंडाशी स्फटिक साठलेले दिसले तर तो इशारा समजावा.

आकड्यावर विसंबण्याचा सर्वांत मोठा दाखला खोल पीलच्या इतिहासात आहे. बेकर आणि गॉर्डन यांचं फिनॉलचं पील अनेक दशकं जगभर वापरलं गेलं. त्यात ८८ टक्क्यांचं फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, द्रवरूप साबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. सगळ्यांची नजर फिनॉलवर होती. २००० साली ग्रेगरी हेटर या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं दाखवून दिलं की खोली मुख्यतः त्या तीन थेंबांच्या प्रमाणावर ठरते. क्रोटन तेल म्हणजे आपल्या जमालगोट्याचं तेल, वैद्य जुलाबासाठी ज्याचा थेंब जपून वापरत तेच. फिनॉल रक्तात शोषलं गेलं की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, म्हणून हे पील हृदयाच्या आलेखावर नजर ठेवूनच करावं लागतं. शिवाय ते त्वचेचा रंग कायमचा उडवू शकतं. आपल्या वर्णाच्या लोकांनी या वाटेला न गेलेलंच बरं.

बाटली एकच असली तरी हात बदलला की खोली बदलते. पील लावण्याआधी चेहऱ्यावरचं तेल अल्कोहोल किंवा ॲसिटोननं पुसतात. नाकाच्या कडेला तेल राहिलं तर तिथे पील लागतच नाही, आणि गालावर कापूस खसाखसा घासला तर तिथे ते दुप्पट लागतं. ब्रशनं हलका हात फिरवणं वेगळं, गॉजनं दाबून चोळणं वेगळं. जेलमधून आम्ल सावकाश सुटतं, पाण्यासारख्या द्रावणातून झटकन. ग्लायकॉलिकमध्ये तर घड्याळच मालक असतं, कारण दोन मिनिटं आणि पाच मिनिटं हे जवळपास दोन वेगळे उपचार आहेत. नाकपुड्यांच्या घळीत, ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत द्रावण साचतं आणि कातडीही पातळ असते. तिथे आधी व्हॅसलीनचं बोट फिरवायचं असतं. माझ्या बहिणीच्या ओठांच्या कडेला चट्टे का उठले, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तिला कुणी व्हॅसलीन लावलं नव्हतं, आणि दोनच दिवसांपूर्वी तिनं वरच्या ओठावर थ्रेडिंग करून घेतलं होतं. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, स्क्रब यांनी मृत पेशींचा थर आधीच खरवडलेला असतो. आम्लाला मग दार उघडंच. पुरुषांच्या बाबतीत त्याच सकाळी केलेल्या दाढीनं हेच होतं. यातलं काहीही पीलच्या आधी निदान आठवडाभर टाळावं, आणि दाढी निदान त्या दिवशी तरी.

उरलेलं उत्तर तिच्या कातडीत होतं.

हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले ते उन्हात ती भाजते की रापते यावरून. आज सहा प्रकार मानतात आणि आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्यात बसतात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. आपल्या पेशी जास्त कामसू असतात, इतकंच. त्यांना चटका बसला, आग झाली, जखम झाली की त्या जास्तीचं मेलॅनिन ओततात. मुरूम फोडल्यावर उरणारा काळा डाग हा त्याचाच प्रकार. म्हणून युरोपीय त्वचेवर चार दिवसांच्या लालीवर भागणारी चूक आपल्याकडे चार महिन्यांचा डाग होते. ज्या डागासाठी पील करायचं, तोच पीलनं वाढू शकतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, आयएडीव्हीएलनं, २००८ मध्ये पीलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात आधीच्या तयारीवर भर आहे, तो यामुळेच.

या तयारीला प्रायमिंग म्हणतात, आणि मला विचाराल तर निम्मा निकाल इथेच लागतो. पीलच्या आधी दोन ते चार आठवडे रात्री ट्रेटिनॉइन, सौम्य ग्लायकॉलिक किंवा हायड्रोक्विनोनसारखं मलम आणि दिवसा सनस्क्रीन. त्यानं मृत पेशींचा थर सगळीकडे सारखा पातळ होतो, म्हणजे पील ठिपक्याठिपक्यांनी लागत नाही. मेलॅनिनच्या पेशी आधीच शांत होतात. जखम लवकर भरते. आणि हा माणूस रोज सनस्क्रीन लावतो का, हेही डॉक्टरांना कळतं. ट्रेटिनॉइन पीलच्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात, नाहीतर आम्ल ठरवल्यापेक्षा खोल जातं. हायड्रोक्विनोन मात्र मनानं वर्षानुवर्षं लावायचं औषध नव्हे, त्यानं निळसर-काळे डाग पडू शकतात.

बहीण मात्र प्रायमिंगच्या नेमकं उलट करत होती. दुकानातून आणलेली 'गोरं होण्याची ट्यूब' ती दीड वर्ष लावत होती. त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर मोमेटासोन हे स्टेरॉइड होतं. अशा ट्यूबनं सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो, म्हणून तर माणूस फसतो. पण महिने गेले की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आग होते, ट्यूब सोडली की मुरूम उसळतात. सरकारनं २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकलं, तरी ती गावोगाव हातोहात मिळतात. अशा झिजलेल्या कातडीवर तीस टक्के म्हणजे मैत्रिणीच्या धडधाकट कातडीवरचे तीस टक्के नव्हेत. पार्लरमध्ये तिला कुणी विचारलं नाही: तुम्ही सध्या चेहऱ्याला काय लावता? तो एक प्रश्न सहा महिने वाचवू शकला असता. याचा मला अजून राग आहे.

तुम्हाला कुणी विचारलं नाही तर स्वतःहून सांगा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही. त्यांच्यामुळे तेलाच्या ग्रंथी आक्रसतात. मध्यम आणि खोल जखम भरताना नवी कातडी केसांच्या मुळांतून आणि या ग्रंथींतूनच वर येते, म्हणून अशा पीलसाठी काही महिने थांबतात. वरवरच्या पीलला मात्र इतकं थांबण्याची गरज नाही, असं आता अनेक तज्ज्ञ मानतात. मानेवर अशा ग्रंथी फार कमी असतात, त्यामुळे चेहऱ्याला सोसलेलं पील मानेला भोवू शकतं. ओठांवर वारंवार नागीण उठत असेल किंवा जखमेचे वण फुगून वर येत असतील तर तेही आधी सांगायचं.

डाग किती खोल आहे हेही पाहावं लागतं. वांगाचं मेलॅनिन बाह्यत्वचेत असेल तर वरवरच्या पीलनं उतार पडतो. ते खाली अंतस्त्वचेत उतरलेलं असेल तर वरवरचं पील तिथवर पोचतच नाही, आणि खोल पील केलं तर डाग वाढण्याची भीती. डॉक्टर वूडच्या जांभळ्या दिव्याखाली चेहरा पाहतात. वरचा डाग त्यात अधिक ठळक होतो, खालचा होत नाही. गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांनी आलेलं वांग ते कारण चालू असेपर्यंत परत परत येतं. मुरुमांच्या खोल, टोकदार खड्ड्यांनाही साध्या पीलचा उपयोग नाही. त्यासाठी काडीच्या टोकानं फक्त खड्ड्याच्या तळाशी कडक टीसीए लावण्याची वेगळी पद्धत आहे.

पील धुतल्यावर काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पुढचे दहा-पंधरा दिवस चेहरा रुग्णाच्या ताब्यात असतो. पोपडे ओढायचे नाहीत. खालची कातडी तयार व्हायच्या आत वरची काढली की तिथे डाग ठरलेला. साधं मॉइश्चरायझर दिवसातून चारदा, साबण सौम्य, चोळणं बंद. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून बुडापर्यंत दोन रेघा काढून घ्या, चेहरा आणि मानेला एवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून लेबलवरचं संरक्षण मिळत नाही. उन्हातला एक भाग खिडकीच्या काचेतूनही येतो, आणि वांगाला तर दिसणारा प्रकाशही पुरतो, म्हणून लोहाच्या ऑक्साइडची तपकिरी छटा असलेलं सनस्क्रीन सावळ्या त्वचेला अधिक कामाचं. पुण्यातल्या मुली स्कूटरवर बांधतात तो स्कार्फ उत्तम, फक्त तो मऊ सुती हवा आणि सैल. घट्ट बांधलेला जाड कपडा ताज्या कातडीला घासतो.

एका पीलनं फार होत नाही. वरवरची पील दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, चार ते सहा वेळा, ताकद हळूहळू वाढवत करतात. अंतर कमी केलं तर आधीची जखम पुरती भरायच्या आत दुसरी होते. म्हणून लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजायचं असतं. यंदा धाकट्या मावसबहिणीचं लग्न १५ डिसेंबरला आहे. शेवटचं पील लग्नाच्या महिनाभर आधी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यात, कारण काळा डाग पडायचा असेल तर तो तीन-चार आठवड्यांत दिसतो. त्याआधी तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन पील, म्हणजे पहिलं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी चार आठवडे प्रायमिंग. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. जाताना मोठीनं तिच्या पर्समधली प्रत्येक ट्यूब काढून एका पिशवीत भरली आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.